न उतरणारा घास

आमच्या घरात जेवायला बसलेला माणूस स्वतःच्या ताटाकडे कमी आणि दुसऱ्याच्या ताटाकडे जास्त बघतो. कोणी काय घेतलं, काय टाकलं, पहिला घास खाल्ल्यावर कोणाचं तोंड कसं झालं, हे सासूबाई वाढता वाढता टिपतात. त्यामुळे माझा घास पहिल्यांदा अडकला तेव्हा तो लपवायला मला सवडच मिळाली नाही.

रविवार होता. भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. घास नीट चावला, गिळायला गेले आणि गळा बंद झाला. ठसका नाही, खोकला नाही, आत कोणीतरी मूठ आवळून धरावी तसं. मी उठून मोरीत गेले आणि घास थुंकला. परत आले तर सासूबाईंच्या हातातली पळी तशीच वर होती.

"काय व्हयनं? मीठ जास्ती पडनं का?"

मी म्हटलं, काही नाही, घास अडकला. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. संध्याकाळी शेजारणीला मात्र ओट्यावर बसून ऐकवत होत्या, की मास्तरीणबाईंना आता आमच्या हातचं उतरत नाही.

मास्तरीणबाई म्हणजे मी. धरणगावातच मुलींच्या शाळेत गणित शिकवते. नवऱ्याचं पंप आणि पाइपचं दुकान आहे. मुलगी शिकायला पुण्यात. घरात आम्ही तिघंच उरलो होतो, कारण सासरे, म्हणजे नाना, आदल्या हिवाळ्यात गेले. त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. 'ते दुखणं' म्हणतात.

माझी आधी भाकरी बंद झाली, मग पोळी, मग भातसुद्धा. उरलं वरण, कढी, ताक आणि चहात भिजवलेलं बिस्कीट. जेवत नसतानाही घशात सुपारी अडकल्यासारखं वाटायचं. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मी आवंढा गिळून बघायची, की आहे का अजून. असायचीच. आरशासमोर मान वर करून बोटांनी चाचपायची. हाताला काही लागायचं नाही, आणि लागत नाही म्हणून आणखी जोरात दाबायची. गळ्यावर डाग पडले, ते पदराने झाकले.

शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं. बारीक झालात मॅडम, कोणता डाएट करताय, आम्हालाही सांगा. एकीने तर मुख्याध्यापिकांसमोर माझं उदाहरण दिलं. मी हसले. त्या बायकांचा मला इतका राग यायचा, की डबा उघडायच्या आधी मी वर्गात जाऊन बसायची.

गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, सुपारी तिथेच. शेवटी नवऱ्याने जळगावला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासणी केली. घशात फवारा मारून सगळं बधिर केलं, तोंडात प्लास्टिकची कडी बसवली आणि नळी आत घातली. त्या टेबलावर कुशीवर पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सिस्टर म्हणत होती, मॅडम, एवढं काय, लहान मुलं करून घेतात.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला. टेन्शन घेता का? घेऊ नका." मी विचारलं, मग घास खाली का जात नाही? ते म्हणाले, जाईल. आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. गाठ निघाली असती तर मी घाबरले असते, पण खरी तरी ठरले असते. आता मी सगळ्यांच्या दृष्टीने धडधाकट होते, म्हणजेच खोटारडी होते.

नवऱ्याचा आनंद मात्र गाडीत मावत नव्हता. केळीने भरलेल्या ट्रकच्या मागे आमची गाडी रखडली होती आणि तो मला समजावून सांगत होता. दुकानात गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात, पाणी चढत नाही म्हणून. "पाइप साफ आहे, मोटर चालू आहे, म्हणजे पाणी चढायलाच पाहिजे. नाही चढलं तर चालवणाऱ्याची चूक." हे तो प्रेमानेच बोलत होता. मी काच खाली करून तोंड बाहेर फिरवलं.

त्याने रस्त्यावरच्या हॉटेलापाशी गाडी थांबवली. शेवभाजी मागवली, दोघांसाठी. तर्री वर तरंगणारी वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "खा आता. आता काय अडचण आहे?" मी पोळीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवून मऊ केला, तोंडात घातला. गळा बंद. तो घास मी किती वेळ तोंडात फिरवत राहिले. शेवटी रुमालात काढला. त्याने आधी स्वतःची वाटी संपवली, मग माझीही ओढून घेतली आणि खाली मान घालून ती संपवली.

घरी थोरली नणंद येऊन बसली होती. सगळे तिला अक्का म्हणतात. दोंडाईच्याला दिलेली, पण माहेरचा कारभार तिथूनही तीच बघते. तिने रिपोर्ट मागितला, चष्मा लावून वाचला आणि मोबाइलने त्याचा फोटो काढला. मी हातपाय धुवून येईपर्यंत तो आमच्या घराण्याच्या ग्रुपवर पडलेला होता. खाली तिने लिहिलं होतं, 'बठ्ठं नॉर्मल शे. काळजी करू नका.' अंगठे आले, हात जोडलेले आले. फैजपूरच्या चुलत सासूबाईंनी नाचणारी बाहुली टाकली. माझ्या घशाच्या आतले गुलाबी फोटो पन्नास माणसांच्या मोबाइलमध्ये गेले आणि त्यातल्या एकानेही मला फोन करून विचारलं नाही, की तू जेवतेस का.

मी अक्काला म्हटलं, आधी मला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, त्यात काय लपवायचं, चांगलंच आहे ना.

नंतर तर वेढाच पडला. जेवताना सासूबाई माझ्यासमोर पाट घेऊन बसायला लागल्या. बोलायच्या नाहीत. माझा हात ताटाकडून तोंडाकडे गेला, की त्यांची नजर गळ्यावर यायची आणि गळा मिटायचा. नवरा म्हणायचा, लक्ष देऊ नको. कशाकडे, हे सांगायचा नाही. अक्का पुढच्या फेरीत मीठ, मिरच्या आणि कोणाकडून तरी मंतरून आणलेला लिंबू घेऊन आली. मी वह्या तपासत खुर्चीत बसले होते. तिने मागून येऊन माझ्यावरून ते ओवाळायला सुरुवात केली. मी तिच्या हातातून लिंबू घेतला आणि खिडकीतून गल्लीत भिरकावला. तो शेजाऱ्याच्या स्कूटरवर आपटला. अक्का रडली. सासूबाई म्हणाल्या, आजारी माणसाच्या अंगात एवढा जोर नसतो.

घरात माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद झालं. मला बरंच वाटलं. वाईट एवढंच, की मी त्यांच्यापेक्षा जास्त कडू झाले होते. वर्गात एखादी मुलगी डबा आवडीने खाताना दिसली तरी मला तिडीक यायची.

नानांचं वर्षश्राद्ध आलं. अंगणात मांडव घातला, खापरावर मांडे झाले, खीर झाली, पाहुण्यांची पंगत उठली. शेवटी घरच्या बायका बसल्या. मी म्हटलं, मी मागाहून बसते. अक्का म्हणाली, नानांच्या नावाचा घास आहे, आज तरी नाटक नको. मी बसले. मांडा अगदी मऊ होता. खिरीत बुडवला, तोंडात घातला. समोर सासूबाई, शेजारी अक्का, पलीकडे फैजपूरच्या चुलत सासूबाई आणि आणखी दोघी. सगळ्यांचे हात थांबले होते. गळा मिटला, या वेळी श्वासही अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी घास पानातच टाकला.

"बघा," अक्का बाकीच्या चौघींना म्हणाली, "मी सांगत होते ना."

मी उठून उभी राहिले. आवाज चढवायचा नव्हता, पण वर्गाची सवय, तो मांडवभर गेला.

"मी नानांना नळीने भरवत होते तेव्हा यातलं कोण होतं?"

नवरा आचाऱ्याशी बोलत उभा होता, तो वळला. मी थांबले नाही. मी त्यांना सांगितलं, की शाळेत जाण्याआधी वरण-भात मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून, त्यांच्या नाकातल्या नळीतून मी घालत होते. गाळताना एखादा कण राहिला तर नळी तुंबायची आणि नाना माझा हात घट्ट धरायचे. त्यांना बोलता येत नव्हतं. अक्का फोनवर विचारायची, जेवले का नाना? आणि नवरा दुकानातून सांगायचा, हो, जेवले. मी शेवटी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी माझा घसा पाहिलाय. त्यांचा कोणी पाहिला होता?"

सासूबाईंनी पानावरून हात काढला. "मी दारना भायेर बशेल व्हतू," त्या म्हणाल्या. त्यांना ते बघवत नव्हतं, असंही काहीतरी पुटपुटल्या. मला दया आली नाही. दाराबाहेर बसायचं सुख मलाही हवं होतं, असं मी म्हणाले आणि पिशवी भरून धुळ्याची बस धरली.

धुळ्याला माझं माहेर. भाऊ आणि वहिनी असतात. वहिनीने प्रश्न न विचारता कढी दिली आणि दुसऱ्या दिवशी मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाहेरची पाटी वाचली तेव्हा मी पायरीवरच थांबले. मनाचे आजार, असं लिहिलं होतं. मी वहिनीला म्हटलं, तूसुद्धा? ती म्हणाली, आत तर चला, नाही पटलं तर उठून येऊ.

मी भांडायच्या तयारीनेच खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंना पहिलंच वाक्य म्हटलं, मी वेडी नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग काय होतंय ते सांगा. मी रिपोर्ट टेबलावर आपटला. तो त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. मग विचारलं, याआधी तुम्ही कोणाचा घास अडकलेला पाहिला होता?

आदल्याच दिवशी मांडवात मी हे ओरडून सांगितलं होतं आणि तरी माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी शेजारी आल्या नव्हत्या. मी त्यांना नानांचं सांगायला लागले आणि मला रडू फुटलं. त्याचाही राग आला.

त्या म्हणाल्या, "तुमचा घसा खरोखरच आवळला जातो. तुम्ही खोटं सांगत नाही आणि मुद्दामही करत नाही. भीतीने तिथले स्नायू घट्ट होतात. आणि कोणी बघत असलं की जास्त."

मी म्हटलं, म्हणजे माझ्या नवऱ्याचंच खरं, चालवणाऱ्याची चूक. त्यांना पाइपची गोष्ट सांगावी लागली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चूक कोणाची नाही, पण उपाय तुम्हालाच करावा लागेल. एक गोळी लिहून दिली, श्वासाचा एक व्यायाम शिकवला, आरशात गळा चाचपायचं बंद करायला सांगितलं आणि काही दिवस एकटीने, दार लावून जेवायला सांगितलं. त्या बरोबर बोलत होत्या आणि म्हणूनच मला आवडल्या नाहीत. आजही फारशा आवडत नाहीत. पण मी जात राहिले.

आठवडाभराने नवरा न्यायला आला. वहिनीच्या घरी ओशाळून बसला होता. वाटेत त्याने विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? मी सांगितलं, मी वरच्या खोलीत एकटी जेवणार आहे, आणि कोणी दार वाजवायचं नाही. त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, आईला काय सांगू? मी म्हटलं, काहीही सांग.

सासूबाईंनी ते वेगळं निघण्याइतकंच मोठं धरलं. गल्लीत सांगितलं, सूनबाईंना आता आमची सावलीही चालत नाही. मी ताट घेऊन जिना चढताना त्या पाठमोऱ्या व्हायच्या. वर मी दार लावायची, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्यासारखा श्वास सोडायची आणि भाकरीचा नखाएवढा तुकडा ताकाबरोबर घ्यायची. कधी जायचा, कधी नाही. गेला नाही तर मी ताटाला शिव्या द्यायची. दार बंद असल्याने त्या कोणी ऐकत नव्हतं, आणि त्याचा उपयोग गोळीपेक्षा जास्त झाला असं मला अजून वाटतं. उन्हाळा संपेपर्यंत अख्खी भाकरी जायला लागली.

'ते दुखणं' नानांच्या आधी माझ्या सासूबाईंच्या आईलाही झालं होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या गळ्याकडे त्या कशामुळे बघत बसायच्या, हे तेव्हा समजलं. त्यांनी ते आधी सांगितलं असतं तर मी त्यांच्याशी वेगळं वागले असते की नाही, सांगता येत नाही. मी विचारलं नाही, त्या बोलल्या नाहीत.

घसा अजून आवळतो. परीक्षेच्या दिवसांत, दवाखान्याच्या वासाने, कधी काहीच कारण नसताना. तेव्हा मी आवंढा गिळून बघत नाही, कामाला लागते. एरवी पुन्हा खाली सगळ्यांबरोबर जेवते. सासूबाई आता वाढून झालं की स्वतःच्या ताटाकडे बघतात. अक्का दोंडाईच्याहून आली की मात्र मी माझं ताट उचलते आणि वर जाते. तिने पहिल्यांदा विचारलं होतं, हे काय? नवऱ्याने ताटातून मान वर न करता तिला सांगितलं, "तिला जेवू दे."