फॉस्टिनकाकांचं यंदाचं मरण

आमच्या गावच्या चर्चच्या फेस्ताला दरवर्षी नाटक होतं आणि दरवर्षी फॉस्टिनकाका त्यात मरतात. एरवी ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. नाटक लिहिणारा सिडनी नायकाचं नाव बदलतो, गाव बदलतो, पण शेवट तोच. मुलीचा बाप नाही म्हणतो, नायक विष पितो आणि नायिका त्याच्या प्रेतापाशी बसून रडते. काकांचे केस पिकले तरी ही भूमिका दुसऱ्या कुणाला द्यायचं गावाच्या मनात येत नाही, कारण त्यांच्यासारखं कुणाला मरता येत नाही. पडले की पापणीसुद्धा हलत नाही.

गेल्या पावसाळ्यात काकांना खरोखरचा हार्ट अटॅक आला. गोव्यात नेऊन ऑपरेशन केलं. पिएदादकाकींनी नाटकाचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. शेवटी फेस्त जवळ आल्यावर त्या एका अटीवर तयार झाल्या.

"मेल्यावर उजव्या पायाचो आंगठो हलव. मी फुडे बसान बघतलंय."

"प्रेत आंगठो हलयता काय गो? लोक हसतले."

"हसांदेत. माका माझो घोव जितो होयो."

तालमीत अंगठा हलला आणि पोरं खरंच हसली. म्हणून सिडनीने आयत्या वेळी एक जाड चादर आणली. नायिका झालेल्या स्टेलाबाईंनी ती प्रेतावर गळ्यापासून पायांपर्यंत घालायची. हे काकींना कुणीच सांगितलं नाही.

मी रंगमंचाच्या कडेला साउंडच्या टेबलावर होतो. काका विष प्यायले, कोसळले. स्टेलाबाईंनी हंबरडा फोडला आणि चादर पसरली. अंगठा दिसेनासा झाला.

पहिल्या रांगेत काकी उभ्या राहिल्या.

"ओ बाय, बसा मा! माका दिसना नाय," मागून कुणीतरी ओरडलं.

काकी बसल्या नाहीत. पदर आवळून त्या रंगमंचाकडे निघाल्या. त्या वर चढणार, चादर ओढणार, हे मला दिसत होतं. त्यांचा चेहरा पाहून त्यांना अडवायची माझी हिंमत नव्हती.

काकांच्या कॉलरला माइक होता. ते मेल्याबरोबर त्याचा आवाज मी स्पीकरवरून बंद केला होता, पण माझ्या हेडफोनमध्ये काकांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी हेडफोन काढून काकींपुढे धरला.

"काकी, ह्यां कानाक लावा."

त्यांनी तो उलटाच लावला. मी सरळ केला. आधी त्यांना बहुतेक फक्त स्टेलाबाईंचं रडणं ऐकू आलं असावं, कारण त्यांनी रागाने माझ्याकडे पाहिलं. मग त्या थांबल्या. डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले.

"चलता," त्या पुटपुटल्या. "मशीन बरा चलता."

मी खुर्ची दिली. त्या बसल्या, एक हात हेडफोनवर ठेवून. स्टेलाबाईंचं शेवटचं गाणं सुरू झालं, आणि काकींनी एकदम तोंडावर पदर घेतला. अंग गदगदायला लागलं. मागच्या बायका हळहळल्या, "रडता बिचारी." मला शंका आली. मी एका बाजूने कान लावला.

काका घोरत होते.

पडदा पडल्यावर ते चादर सावरत, डोळे चोळत बाहेर आले.

"कसो मेलंय?"

"बरो मेलंस," काकी म्हणाल्या. "फुडल्या वर्साक पण मर. पण माझी खुर्ची हयच लावची, ह्या साउंडवाल्या झिलाच्या बाजूक."

मग पर्समधून गोळी काढून त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवली आणि गिळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.