फिनाइल

आमचे साहेब मराठीच होते, पण दिल्लीच्या ऑफिसात मला सगळ्यांसमोर 'शेणवाले' म्हणायचे. मी शेणापासून गॅस करण्याच्या सरकारी योजनेत तांत्रिक सहायक होतो. एकदा दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी पत्नीला न्यायला गेलो, तेव्हा चार बायकांत उभ्या असलेल्या तिला तिथे आलेले साहेब म्हणाले, "वहिनी, यांना आंघोळ घालूनच घरात घेता ना?" सगळे हसले. तीही हसली, आणि मला ते जास्त लागलं.

मानेसरच्या पुढे एका गावात म्हशींच्या गोठ्याला जोडून मी गॅसची टाकी बांधून घेतली होती. गोठेवाल्याच्या बायकोला शेगडी इतकी आवडली की तिनं मातीची चूल फोडून टाकली. आता खात्याचे सचिव ती टाकी बघायला येणार होते, आणि साहेबांचं प्रमोशन त्या भेटीवर अडलं होतं. वास नको म्हणून त्यांनी आठवडाभर गोठा फिनाइलनं धुवायचा हुकूम सोडला. धुतलेलं पाणी सरळ टाकीत जाणार होतं, आणि शेणाचा गॅस करणारे जंतू फिनाइलनं मरतात. गोठेवाल्याला मी आधी फिनाइल वापरायचं नाही असं बजावलेलं असल्यानं त्यानं मला विचारलं, आता काय करू?

मी म्हणालो, "साहब जो बोलें, वही करो."

तो आठवडा मी फार आनंदात काढला. भेटीच्या दिवशी साहेबांनी काडीमागून काडी ओढली. शेगडी फुसफुसली, पण पेटली नाही. सचिव हात मागे बांधून म्हशींकडे बघत राहिले. साहेबांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता, आणि मला तो पोटभर बघायचा होता.

गाडीत ते दबक्या आवाजात म्हणाले, "फिनाइलचं तुम्हाला ठाऊक होतं."

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

प्रमोशन गेलं. याचा पश्चात्ताप मला आजही होत नाही, प्रयत्न करूनही.

टाकी उपसून पुन्हा भरायची होती, म्हणून मी त्या गावात गेलो. गोठेवाल्याच्या बायकोनं तीन विटा मांडून ओल्या गोवऱ्या पेटवल्या होत्या. फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले होते. गॅस पुन्हा कधी येईल, तिनं विचारलं. महिना तरी लागेल, मी म्हणालो. त्यावर तिनं साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि माझ्या हातात चहाचा ग्लास दिला.

बरोबर आहे तुमचं, असं म्हणून मी चहा प्यायलो.