अक्काची सात, माझी तीन

अक्काच्या घरची सकाळ आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायची. दिवेलागणीच्या आधी ती अंगणात पोतं अंथरून बसायची आणि सात लेकरं एकामागून एक तिच्या पुढ्यात येऊन बसायची. चौघी मुलींच्या वेण्या तेल चोपडून घट्ट घातल्या जायच्या, रिबिनी बांधल्या जायच्या. तिघा पोरांच्या टाचा दगडानं घासल्या जायच्या. मग मुली वेण्यांवर फडकं बांधून झोपायच्या आणि शाळेचे कपडे घड्या घालून वाकळेखाली जायचे, म्हणजे सकाळी इस्त्री झालेली. उठलं की तोंड धुवायचं, भाकरी खायची आणि निघायचं. "सकाळी डोकं चालत न्हाई बाई," अक्का म्हणायची, "सकाळी निस्ते पाय चालतेत. डोक्याचं काम सांजंलाच उरकून घ्यावं."

हे मला कळायला दोन महिने लागले. धारूरचा घाट उतरून तेलगावकडे निघालं की रस्त्याच्या आत एक वस्ती होती, चाळीसएक उंबऱ्यांची. तिथल्या सहकारी दूध सोसायटीवर हे सेक्रेटरी म्हणून आले आणि मी तीन लेकरं घेऊन त्यांच्यामागून आले. विद्या दुसरीत, महेश पहिलीत आणि नंदू कडेवर. मी वाढले अंबाजोगाईत. शाळा आमच्या दारातून दिसायची. इथं शाळा गावात आणि गाव पाऊण कोसावर. रोज सकाळी माझ्या घरात नुसता गलका असायचा. विद्याची एक वेणी व्हायची तोवर महेश चप्पल हरवायचा. चप्पल सापडेतो नंदू चुलीकडं रांगत जायचा. धापा टाकत शाळेत पोचावं तर प्रार्थना संपलेली असायची.

एकदा असंच रस्त्यात महेशनं फतकल मारली. मी त्याला ओढत होते, रडकुंडीला आले होते. मागून अक्का तिची सात लेकरं घेऊन आली. तोवर आमची ओळख फक्त सोसायटीच्या ओट्यावर दूध घालतानाची. तिनं महेशकडं पाहिलंसुद्धा नाही. आपल्या सहावीतल्या थोरल्या मुलीला म्हणाली, "याचं दप्तर घे. दप्तर गेलं की पोरगं बी जातंय मागं." आणि खरंच गेला! मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सेक्रेटरीणबाई, तुमी कावून एवढं वढता? लेकराला लेकरू नेतंय. आपण निस्तं संगं चालायचं."

दुसऱ्या दिवसापासून माझी लेकरं तिच्या लेकरांत मिसळली. एक मोठं, एक लहान अशा जोड्या तिनं लावून दिल्या होत्या. मोठ्यानं लहानाचा हात सोडायचा नाही आणि लहानानं मोठ्याची पाटी धरायची. कुणी कुणाला बोट दाखवून तक्रार केली की ती म्हणायची, "दोघं बी मागं या." त्यामुळं तक्रारीच बंद पडल्या.

सात लेकरांमधली चारच तिची. बाकीची तीन तिच्या दोन जावांची. घरातले तिघे भाऊ दिवाळी झाली की बायकांना घेऊन ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि लेकरं म्हणजे गाडीवरचं ओझं. अक्काही सात-आठ वर्षं गेली होती. दरसाल तिचा थोरला मुलगा दिवाळीला शाळेतून निघायचा आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचा. दुसरीच्या वर्गात तो तीन वर्षं बसला. तिसऱ्या वर्षी गुरुजी त्याला म्हणाले, "तू आता वर्गातला खांबच झालास." पोरगा हसला. तो हसला हेच अक्काच्या जिवाला लागलं.

त्या दिवाळीला गाड्या भरल्या आणि अक्का अंगणात बसून राहिली. नवरा चिडला, मुकादम दारात येऊन बोलून गेला, सासूनं दोन दिवस अबोला धरला. अक्का एकच सांगत राहिली, "ऊस दरसाली उगवतोय. पोराची दुसरी दरसाली कावून उगवावी?" शेवटी नवऱ्यानं भावकीतल्या एकाबरोबर जोडी लावली. गाडी हलताना धाकट्या जावेनं आपली छबू अक्काच्या ओटीत टाकली, मग दुसरीनंही आपली दोन उतरवली. "मी चारीची आई म्हणून राहिले आन् सातीची झाले," हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

आमच्या तिसऱ्या वर्षी पाऊस असा आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, विहिरींचे तळ दिसले. माघ संपायच्या आत वस्तीवर टँकर सुरू झाला. तो सकाळी सात-साडेसातला यायचा आणि अर्ध्या तासात रिकामा होऊन जायचा. उन्हामुळं शाळाही सकाळचीच झाली. म्हणजे पाण्याची आणि शाळेची वेळ एकच! घरोघरी मोठ्या मुली घागरी घेऊन टँकरला उभ्या राहायला लागल्या. मुली थांबल्या म्हणून त्यांच्या हाताला धरून जाणारी लहानगी थांबली. पंधरा दिवसांत वस्तीवरून शाळेला जाणारी तीस-पस्तीस लेकरं होती त्यांची बारा झाली. त्यांतली सात अक्काची आणि दोन माझी. पण अक्का शाळेतून परत येईतो टँकर निघून गेलेला असायचा. शेजारणी एखादी घागर राखायच्या, तेवढ्या पाण्यात सासू धरून नऊ माणसं. एके सकाळी मी तिला पाण्याच्या रांगेत पाहिलं. थोरली मुलगी शेजारी उभी होती, वेण्या घातलेल्या, गणवेशातच. अक्का माझ्याकडं बघेना.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती, देवळापुढच्या पारावर. अक्का सभासद होती. माहेरहून आलेल्या म्हशीचं दूध ती स्वतःच्या नावावर घालायची. पण सभेत बाया बसायच्या त्या कडेला, सही-अंगठ्यापुरत्या. ह्यांनी अहवाल वाचला. दुष्काळामुळं दूध निम्म्यावर आलं होतं, जीप मात्र रोज सकाळी पावणेसातला गावावरून तेलगावच्या शीतकरण केंद्रावर जात होती. चेअरमननी विचारलं, "कुणाला काय बोलायचंय का?"

कडेवरून अक्का उठली. पदर सारखा केला. "जीपमदी निम्मे कॅन रिकामे असतेत. त्या जागंत काय नेता, वारा?"

सगळे हसले. हे गडबडीनं उठले आणि म्हणाले, "अक्का, सोसायटीचं वाहन दुधासाठी आहे. माणसं नेता येत नाहीत, नियमात बसत नाही."

"माणसं न्हाई, लेकरं. शाळंपुढूनच जाती ना गाडी? उतरवून द्या. आमी बाया पाण्याला राहतो. पोरी शाळंत जातील."

"आणि काही झालं म्हणजे?"

अक्का म्हणाली, "दूध नासू नये म्हणून ड्रायव्हर चहाला बी थांबत न्हाई. लई चांगलं करतो. पर साहेब, दूध नासलं तर एक दिसाचं जातंय."

एवढं बोलून ती खाली बसली. कुणी हसलं नाही. चेअरमननी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, ठराव लिहा." हे घरी येऊन माझ्यावरच धुमसले. "तुझ्या मैत्रिणीनं मला सभेत उभं केलं." मी म्हटलं, "बसवलंही तिनंच."

जीप सुरू झाली. कॅनांच्या मधे लेकरं दाटीनं बसायची, पाढे म्हणत जायची. आठवडाभरात पंचवीस झाली, मग ड्रायव्हरनं दोन खेपा मारायला सुरुवात केली. अंगाला दुधाचा आंबूस वास येतो म्हणून गावातली पोरं त्यांना चिडवायची. अक्का म्हणायची, "येऊ द्या वास. दूध पिलेलं समजतील."

आणि महिन्याभरात नको ते झालं. छबू सात वर्षांची, दिवाळीपासून तिनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. एका सकाळी सगळी लेकरं शाळेपुढं उतरली, छबू कॅनांच्या मागं अंग चोरून बसून राहिली. शाळेत हजेरीला ती नाही. जोडीदारीण मुलगी रडत वस्तीवर पळत आली. अक्काच्या हातातली घागर तिथंच पडली, पाणी मातीत गेलं. त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडं कुणी बघितलं नाही असं तेवढं एकदाच झालं. आम्ही बाया ओढ्याच्या पात्रातून, पडक्या विहिरींतून हाका मारत हिंडलो. अक्का हाक मारत नव्हती. ती प्रत्येक विहिरीत वाकून बघत होती.

अकराच्या सुमाराला जीप परत आली. ड्रायव्हरच्या शेजारी छबू बसलेली, हातात बिस्किटाचा पुडा. तेलगावात कॅन उतरवताना ती त्याला सापडली होती. ती त्याला विचारत होती, "ही गाडी कारखान्यावर कधी जाती? माझी आई हाय तिथं."

मला वाटलं, आता हिला मार बसतो. अक्कानं तिला खाली उतरवलं, तिथंच धुळीत बसली आणि तिला पोटाशी धरून मोठ्यानं रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हे अक्काच्या अंगणात गेले, मागोमाग मीही. आवाज नरम होता, पण म्हणणं सरळ होतं. "अक्का, जबाबदारी माझ्यावर आहे. उद्यापासून जीप बंद करावी लागेल."

"खरं हाय साहेब," अक्का म्हणाली. "चूक माझी हाय. गाडीत शहाणं माणूस पाहिजेल हुतं." मग ती माझ्याकडं वळली. "पोरी, मी हिला तिच्या आईकडं घेऊन चालले. चार दिस लागतील. तू बसशील का गाडीत?"

सेक्रेटरीणबाईची मी त्या दिवशी पोर झाले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. स्वतःच्या तीन लेकरांनी जिचा जीव मेटाकुटीला येतो, ती पंचवीस लेकरं कशी नेणार, असं त्यांच्या नजरेत होतं. माझ्याही मनात तेच होतं. मी म्हटलं, "बसते."

चार सकाळी मी नंदूला मांडीवर घेऊन कॅनांच्या मधे बसले. आदल्या संध्याकाळी अक्काच्या अंगणात पोतं अंथरून राहिलेल्या तीन मुलींच्या वेण्या घातल्या, चौथी माझी विद्या. पहिल्या दिवशी भांग वाकडे झाले. तिसऱ्या दिवशी मी गाडीत पाढे म्हणत होते. जीप बंद झाली नाही.

अक्का दोन एसट्या बदलून, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्यांत राहणाऱ्या जावेकडं पोचली होती. परत आल्यावर तिनं सगळं मला सांगितलं. जावेला म्हणाली, "मी हिला ठेवायला आले न्हाई, न्यायला बी आले न्हाई. दाखवायला आले. तुझं लेकरू, तू ठरव." जावेनं लेकराला छातीशी लावलं आणि म्हणाली, आता इथंच राहू दे. अक्का बरं म्हणून निघायच्या तयारीला लागली. दुसऱ्या संध्याकाळी माय-लेक कोपीपुढं बसल्या होत्या. जावेच्या हातावर लहानपणी जत्रेत गोंदलेलं नाव होतं. छबू त्यावर बोट फिरवत एकेक अक्षर लावायला लागली, "भा... मा... भामा. आई, भामा कोण?"

जाऊ चमकली. लग्नात तिचं नाव बदललं होतं. माहेरचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं, अक्कालासुद्धा नाही. आणि हातावर काय लिहिलंय हे तिला स्वतःला कधी वाचता आलं नव्हतं. ती नुसती म्हणाली, "मी." मग तिनं तीनदा पोरीकडून ते वाचून घेतलं. सकाळी तिनंच छबूची पिशवी भरली. "ने अक्का. पर हिला रोज सांग, की आई पाडव्याला येती." आणि ती आली, ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच. पुढच्या दिवाळीला अक्काच्या घरच्या तिन्ही बायका मागं राहिल्या असं मला लिहायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. छबूची आई मात्र राहिली, आणि अक्काला पहिल्यांदा जोडीदारीण मिळाली.

दोन वर्षांनी ह्यांची बदली बीडला झाली. लेकरं तोवर मोठी झाली होती. आम्ही निघालो त्या दिवशी अक्कानं गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी दिली, विद्याच्या रिबिनी सोडून पुन्हा बांधल्या आणि टेम्पो निघायच्या आतच पाण्याला निघून गेली.

बीडच्या आमच्या कॉलनीत नोकरीवाल्या बायका होत्या. त्यांची सकाळची धांदल मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. मी एकीला म्हटलं, तुमचा मुलगा माझ्या नंदूबरोबर येऊ दे. मग दुसरीचा आला, तिसरीच्या जुळ्या आल्या. वर्षभरात माझ्या दारातून आठ लेकरं निघायला लागली. मोठ्या मुलांच्या हातात लहान मुलांचे हात. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला कारण सांगितलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बीडला आली आणि दोन दिवस आमच्याकडं राहिली. थकली होती. तिच्या सातांपैकी दोघं शिकून नोकरीला लागली होती, थोरला दूधवाल्या जीपचा ड्रायव्हर झाला होता, छबूचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. हे सगळं तिनं जेवता जेवता, भाकरी कशी झाली हे सांगावं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर ती चहा घेऊन बसली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. कॉलनीतली लेकरं जमली. माझी स्वतःची तर केव्हाच कॉलेजात गेली होती. ही सगळी दुसऱ्यांचीच. मी चप्पल घातली आणि सवयीनं म्हटलं, "चला अक्का, येता का? जवळच आहे."

"न्हाई, तू जा," ती म्हणाली, कपबशी मांडीवर सावरत. "मी बसते. लेकरं शाळंला जातानी निस्तं बसून बघावं म्हणलं. एवढी सवड मला कधी झालीच न्हाई."

आम्ही निघालो. कोपऱ्यावर पोचल्यावर मी वळून पाहिलं. तिचा चहा तसाच होता आणि ती एका डोळ्यानं आमच्याकडं बघत होती.