हातावर ठेवलेली गोळी

आमच्या पनवेलच्या सोसायटीत संध्याकाळी पार्किंगच्या कठड्यावर म्हाताऱ्यांची बैठक भरते. चकली फिरते, सुनांची निंदा फिरते आणि गोळ्याही फिरतात. "मना लागू परली, तू पन घे," एवढं प्रिस्क्रिप्शन पुरतं.

माझ्या सासूबाई मूळच्या गव्हाणच्या. हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. एका सकाळी त्यांच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. चूळ भरली तर बेसिनमध्ये रक्त.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्यावरची कुठली गोळी घेतली होती का?"

"छे! सगळी औषधं मीच देते," मी बाणेदारपणे म्हणाले. सासूबाई पंख्याकडे बघत होत्या. इतक्या भक्तिभावाने पंखा बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

"खालच्या वैनीनं दिलेली," अखेर त्या पुटपुटल्या.

डॉक्टर हसले नाहीत. ही दोन औषधं पुन्हा एकत्र पोटात गेली तर आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतेल, म्हणाले.

रिक्षात मी तोंड सोडलं. "आई, लोकांच्या गोळ्या खाता?"

"हातावर ठेवलेला परत कसा करू? बाईचा अपमान होतो."

"आणि जीव गेला तर?"

"मंग तू सुटशील."

"कुठली सुटते! तेराव्याला गावजेवण कोण रांधणार?"

रिक्षावाला फसकन हसला. त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझा सगला खरा. पन गुरघा दुखतो त्याचा काय?"

"दादा, रिक्षा वळवा," मी म्हणाले.

रक्ताच्या गोळीबरोबर चालेल असं गुडघ्याचं औषध लिहून घेऊनच घरी आलो.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर खाली उतरले आणि कठड्यासमोर मध्यभागी उभी राहिले. प्रेक्षक हजर होतेच. "यांना द्यायची गोळी माझ्या हातावर ठेवायची. 'नाही' म्हणायचं काम माझं. राग आला तर माझ्यावर काढायचा."

खालच्या वैनी म्हणाल्या, "तुझी सून जाम खाष्ट हाय गो!"

"मंग!" सासूबाईंचा चेहरा उजळला. "मी घेतली असती. पन ती घेऊच देत नाय."

बदनामी आता शेजारच्या बिल्डिंगपर्यंत पोचली आहे. कुणी काही पुढे केलं की सासूबाई नुसती मान वर करतात, "सून बगते हाय." मी गॅलरीत असतेच, कमरेवर हात ठेवून.