मशीनमधली बाई काय म्हणते?

सांगलीतल्या आमच्या आर्ट गॅलरीत चित्रं मोजकीच आहेत. किस्से मात्र दर रविवारी वाढतात, आणि त्यांना टांगायला भिंतही लागत नाही! सगळी करामत ऑडिओ गाईडची. मोबाईलएवढं मशीन, कानाला धरायचं, आतली बाई चित्राची माहिती सांगते. ती बाई म्हणजे मीच. बजेट नव्हतं, म्हणून साहेबांनी काउंटरवरच्या माझ्याच आवाजात रेकॉर्डिंग उरकलं.

पण मला कोणी ओळखेल तर शपथ! एक काकू मशीन परत देताना म्हणाल्या, "ती आतली बाई किती गोड बोलते हो. तुम्ही पण शिका जरा तिच्याकडून!"

* * *

उंब्रजचे एक पाहुणे आले. मी मशीनमधून म्हटलं, "नमस्कार, आपलं स्वागत आहे." त्यांनी तिथूनच आवाज चढवला, "नमस्कार, नमस्कार! उंब्रजवरनं आलोय. बोला!"

बायको काहीतरी दाखवायला गेली, तर हातानंच तिला थांबवलं. "गप की जरा. बाई बोलत्यात."

* * *

मशीन एकेका चित्राची माहिती क्रमानं आपोआप सांगत जातं. साहेबांनी नंबर उजवीकडून लावले होते. आता आपली माणसं दारात चपला काढणार आणि देवळात प्रदक्षिणा घालावी तशी डावीकडून निघणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

साताऱ्याचे एक रिटायर्ड सुभेदार मिशीवाल्या जहागीरदाराच्या चित्रासमोर ताठ उभे. कानात मी सांगतेय, "हिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका बघा. ही नुकतीच व्यायली आहे." ती माहिती होती म्हशीच्या चित्राची, पार पलीकडच्या भिंतीवरच्या!

सुभेदारांनी कपाळ निरखून पाहिलं. मग काउंटरवर येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पेंटिंग एक नंबर. पण ह्यांच्या घरच्यांना हे असलं चालतं?"

दुसऱ्याच दिवशी नंबर डावीकडून लावले.

* * *

रहिमतपूरच्या चार जावा आल्या आणि मशीन घेतलं एकच. थोरली ऐकणार आणि बाकीच्यांना सांगणार. खिडकीत उभ्या राणीच्या चित्रापाशी थोरली म्हणाली, "नवऱ्याची वाट बघतीय म्हणं."

धाकटीनं विचारलं, "कुठं गेलाय त्यो?"

"थांब, इचारती." आणि खरंच विचारलं की मशीनला! थोडा वेळ कान देऊन म्हणाली, "न्हाई सांगत. घरातलं काय तरी असंल त्यांच्या."

* * *

पावसाळा सरता सरता माणच्या माळावरचं एक मेंढपाळ जोडपं आलं. आण्णा आणि कोंडाबाई. कोंडाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत जवळपास काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिरजेला ऑपरेशन होतं आणि त्या भीतीनं हटून बसल्या होत्या. आधी एकदा दवाखान्याच्या दारातनं पळून आल्या होत्या म्हणे. मन रमावं म्हणून आण्णा त्यांना इकडं घेऊन आले. न दिसणाऱ्या बाईला चित्रं कशाला, असं मला वाटलं. मग मशीन आठवलं आणि मी ते त्यांच्या कानाला लावून दिलं.

उघड्या माळावर मेंढरं, या चित्रापाशी दोघं थांबली. कोंडाबाई म्हणाल्या, "आवं, बाई म्हणती माळ कोरडा ठाक हाय."

"ती बाई सांगलीची. तिला काय ठावं?" आण्णा म्हणाले. "मला दिसतंय की. कडंला वढा हाय. पाणी लय नितळ. मेंढरं प्यायला वाकल्यात."

मी काउंटरवर बसून ऐकत होते. चित्रात ओढा नाही. थेंबभर पाणी नाही.

"खरं?"

"बघायचाय? मग उद्या डोळं करून घे."

त्यांनी मशीन कानावरून खाली घेतलं. मग "बरं" म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं!

चैत्रात दोघं पुन्हा आली. कोंडाबाईंना चष्मा लागला होता. मशीन घेतलं, पण हातातच ठेवलं आणि तडक त्या चित्रापाशी गेल्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिलं.

"आवं, वढा कुठाय?"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली.

"आता चैत हाय न्हवं," आण्णा म्हणाले. "आटला!"

कोंडाबाई चित्र सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग काउंटरपाशी आल्या आणि मशीन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बाई, ह्यात तेवढं घाला. पावसाळ्यात हितं वढा असतो."