पांढऱ्या रेघेचा दगड

सौदीतल्या आमच्या जिझानच्या पूर्वेला डोंगर आहेत, हे आमच्या गच्चीवरून रोज दिसतं. हवा स्वच्छ असेल तर निळे, धूळ असेल तर नुसताच संशय. ते दाखवायला नेण्याचं वचन माझा नवरा श्रीकांत इथल्या रिफायनरीत रुजू झाल्यापासून देतो आहे. ‘पुढच्या शुक्रवारी नक्की!’ शेवटी मी डबा भरला आणि जुलेखाभाभींबरोबर निघाले. बसू दे म्हटलं याला वाट बघत.

जुलेखाभाभी मूळच्या दापोलीकडच्या. नवऱ्याचं इथे मसाल्याचं दुकान. पन्नाशीत गाडी शिकल्या आणि आता डोंगरातल्या बायकांकडून मध आणि कॉफी स्वतः जाऊन आणतात. अरबी तर अशी बोलतात की इथली माणसंही वचकून असतात. चेकपोस्टवर इकामा (राहण्याचा परवाना) दाखवला आणि घाट सुरू झाला.

“वैनी, काच वर घ्या. हिथली वांदरं लय चोरटी,” भाभी म्हणाल्या.

मी हसले. मी नाशिकची, वणीच्या गडावरची माकडं बघितलेली बाई. पुढच्याच वळणावर एक आयाळवालं वानर खिडकीत आलं आणि मेथीच्या पुऱ्यांचा अख्खा डबा घेऊन गेलं. कठड्यावर बसून त्याने झाकणही व्यवस्थित उघडलं. मी ओरडत राहिले आणि भाभी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिल्या.

वर धुकं होतं. डोंगर उतरत्या पायऱ्यांसारखा खोदलेला, आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध. “ह्यो तर आमच्याकडचा गडगाच,” भाभी म्हणाल्या. गाव मात्र ओसाड होतं. निम्मी घरं बिनछपराची. एका घराच्या मधोमध बाभळीसारखं झाड उगवून खिडकीतून बाहेर आलं होतं. अंगणात मुलाची सायकल गंजून मातीत रुतलेली. असं काही बघायला मिळेल याची मला मुळीच कल्पना नव्हती.

भाभींनी सांगितलं. ही डोंगरातली मूळची माणसं. त्यांची बोली शहरातल्या अरबांनाही नीट कळत नाही. सीमेपलीकडून, येमेनमधून, तोफगोळे पडायला लागले तेव्हा सगळं गाव रिकामं करावं लागलं. माणसं खाली जिझानला भाड्याच्या खोल्यांत राहिली. त्यांची पोरं शहरी अरबी बोलायला लागली आणि कॉफी कागदी पेल्यातून पिऊ लागली. आता परवानगी मिळाली आहे, आणि एकेक घर परततं आहे.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्या उम्म अली (अलीची आई). चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पण आवाज खणखणीत. अली दारात उभा होता, कमरेला जंबिया (वाकडा खंजीर) आणि डोक्यावर तुळस आणि पिवळ्या फुलांचा गजरा. एवढा दाढीवाला बाप्या आणि गजरा! मी बघतच राहिले. भाभींनी मला कोपर मारलं.

पोळी, केळं, तूप आणि मध एकत्र कुस्करून त्यांनी समोर ठेवलं. याला मरसा म्हणतात. एक घास घेतला आणि आजोळच्या शिकरणाची आठवण आली. मग किशर आला (कॉफीच्या सालींचा आलं घातलेला काढा). उम्म अली बोलत होत्या, भाभी मला मराठीत सांगत होत्या.

“नवरा स्वभावानं चांगला, पण आळशी. वरचा बांध ढासळलेला. मी सांगायची, घाल. तो म्हणायचा, बुक्रा (उद्या). लग्न झाल्यापासून बुक्रा. बांध घातलाच नाही, आणि गेला.”

मला श्रीकांत आठवला. मी मोठ्याने हसले.

गाव सोडण्याच्या थोडं आधी तो गेला. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत, नुसता अनघड दगड उभा करतात. बायका कबरींपाशी जात नाहीत. म्हणून उम्म अलींनी ओढ्यातून एक तांबूस दगड निवडून दिला होता, आडवी पांढरी रेघ असलेला. ती रेघ दारात बसून भाकरी थापताना दिसावी म्हणून. परत आल्या तर गाव रिकामं असताना पुराने कबरींची ती अख्खी उतरण खाली आणलेली. शेत मिळालं, घर मिळालं, झाडं मिळाली. तेवढी एक कबर नाही. दगड सापडला तर निदान जागेचा अंदाज येईल, म्हणून त्या आल्यापासून दारातून नजर फिरवत असतात.

“चला, कॉफी दाखवते,” म्हणून त्या उठल्या. गुडघे दुखतात म्हणून आल्यापासून त्या वर चढल्याच नव्हत्या. आज पाहुण्यांसाठी निघाल्या. अली हात धरून होता. वरचा बांध त्याने आणि शेजाऱ्यांनी नव्याने घातला होता, पुराने शेतात आणून टाकलेल्या दगडांचा. मागे कॉफीची कोवळी रोपं डोलत होती. परवाच्या पावसाने दगड धुऊन लख्ख झालेले.

आणि मी, नको तिथे कौतुक करण्याची माझी जुनी सवय, बांधाच्या तळाशी बोट दाखवून म्हणाले, “भाभी, हा दगड बघा किती सुंदर! मधोमध रांगोळीसारखी रेघ आहे.”

तोंडातून शब्द गेले आणि मग मला कळलं. भाभींना भाषांतर करावंच लागलं नाही. उम्म अली माझ्या बोटाकडे बघत होत्या.

अली खाली बसला. त्याने दगडाला हात लावला, लगेच काढून घेतला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. डोक्यावरचा गजरा सरकून कानावर आला. बापाच्या डोक्याशी उभा केलेला दगड त्याने स्वतःच्या हाताने बांधाच्या पायात बसवला होता, आणि वर एवढा बांध रचला होता. त्याची तरी काय चूक? नाव नसलेल्या दगडावर चिखल बसला, की तो इतर दगडांसारखाच.

“काढतो, यम्मा (आई). सगळा पाडतो,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बांध पाडला असता तर पहिल्या पावसाला माती गेली असती आणि रोपंही गेली असती. पण ते सांगणार कोण? भाभींच्या डोळ्यांना पदर. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

उम्म अली कष्टाने खाली बसल्या. तळहाताने ती रेघ पुसली, ओल्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवला. मग त्या हसल्या. खरंच हसल्या, आणि काहीतरी बोलल्या.

भाभींनी घोगऱ्या आवाजात सांगितलं, “म्हणतायत, राहू दे. जिवंत असताना नाय आला, आता आला बांधाच्या कामाला.”

एवढं बोलून उम्म अलींनी कपाळ दगडावर टेकलं होतं. मग कितीतरी वेळ त्यांनी डोकं वर उचललं नाही.

निघताना त्यांनी मला किशरची पुडी दिली. मी माफी मागायला गेले तर माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “या बिंती (अगं मुली), तुझ्या बोटानं मला तो दाखवला.” घाटात पुन्हा तीच वानरं आली आणि काच उघडीच होती, पण पुडी माझ्या पर्समध्ये होती आणि न्यायला डबा उरला नव्हता.

जमीन परत मिळाली अशी बातमी आपण वाचतो आणि बरं वाटून पान उलटतो. परत मिळालेल्या जमिनीत माणसाला काय काय सापडतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले. स्वयंपाकघरातला नळ नेहमीसारखा ठिबकत होता. “उद्या बघतो गं,” श्रीकांत सोफ्यावरून म्हणाला.

“उद्या नाही. आत्ता ऊठ!”

माझा आवाज असा फुटला की तो दचकून उठलाच. पाना शोधून आणला आणि सिंकखाली शिरला. मी शेजारी टॉर्च धरून बसले. नळाचं मला काहीच पडलं नव्हतं. मला त्याचे हात चालताना बघायचे होते.