तीन किलो कापसाचा कोट

भोकरदनच्या बाजारगल्लीतल्या बदरोद्दीन पिंजाऱ्यानं चाळीस वर्षं लोकांच्या थंडीचा बंदोबस्त केला. स्वतः मात्र तो खुलताबादच्या उरसापलीकडं कधी गेला नव्हता. आता पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं, साजिदनं, गुलमर्गचा व्हिडिओ पाठवला आणि गडी कामातून गेला. अख्खा डोंगर नुकत्याच पिंजलेल्या कापसासारखा! वरून माणसं पायाला फळ्या बांधून सुसाट खाली येत होती.

"हे मऊ असंल का कडक?" गादीचा भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकालाच तो विचारायचा.

साजिद तिकिटं काढायला एका पायावर तयार. अडलं होतं इमामबीवर. "गारठ्यात मरायला मी न्हाई येत," असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. आणि तिच्याशिवाय जायची बदरोद्दीनची छाती नव्हती. परगावी गेला, की त्याला चहासुद्धा धड मागता येत नसे. घरात दोघं उर्दू बोलायची; वाद मात्र मराठीत घालायची, शेजारच्या कचरू शिंप्याला पंच म्हणून बसवता यावं म्हणून.

थंडीवर बदरोद्दीनला एकच इलाज ठाऊक होता: कापूस वाढवा. तीन किलो कापूस भरून, गादीसारखे टाके घालून त्यानं बायकोसाठी कोट शिवला. इमामबीनं तो चढवला. हात खाली येईनात.

"भाभी, आता फिकीर न्हाई," कचरू म्हणाला. "जिथं पडाल तिथं बिछाना तयार."

इमामबी हसली नाही. "बर्फ म्हंजी शेवटी पाणीच ना?"

"बराबर," नवरा म्हणाला.

तिनं कोट उतरवला आणि सरळ हौदात बुडवला. बाहेर काढायला बदरोद्दीन आणि कचरू, दोघं लागले. गावाचा ओला कापूस 'जड भरतो' म्हणून चाळीस वर्षं परत पाठवणारा माणूस खाली मान घालून बाही पिळत बसला.

"काय डोकं चालून राह्यलंय तुमचं!" असं म्हणून इमामबीनंच पोराला फोन लावला. पाणी न शिरणारे कोट, बूट तिथं भाड्यानं मिळतात, असं साजिदनं सांगितलं.

"मंग आधी का न्हाई बोलला?"

"अब्बांनी विचारलंच न्हाई, अम्मी."

कचरूनं बदरोद्दीनच्या फोनवर लावलेल्या व्हिडिओवर तिची नजर गेली. "त्या फळ्यांवरून लोकं पडतात का रे?"

"शिकताना सगळेच पडतात. शिकवायला माणूस असतो. तो फी घेतो."

"म्हंजी पैसे देऊन पडतात? चांगली शिकलेली माणसं?"

"बिलकुल."

इमामबी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की ठसका लागला. "या अल्ला! हे तर जाऊन बघायलाच पाह्यजे. काढ दोन तिकिटं. आन् खिडकीची जागा माझी, सांगून ठिवते."

हातातली बाही तशीच धरून बदरोद्दीननं घाईघाईनं मान डोलावली. न जाणो, तिचं मन पुन्हा फिरायचं.